लिंकनांच्या सात पिढ्या आणि जमिनीचे कागद

१८४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी वॉशिंग्टनला एक पत्र पाठवलं. त्यांना गावाच्या इतिहासाचा नाद होता. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, आपल्याच आडनावाच्या सभासदाला त्यांनी विचारलं होतं, तुमचं मूळ कुठलं? तो सभासद म्हणजे अब्राहम लिंकन, वय ३९. त्यांनी मोकळेपणाने कळवलं की आजोबांचं नावही अब्राहमच होतं. ते १७८२ च्या सुमाराला व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे जिल्हा) केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी इंडियन लोकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, हातून मारले गेले. त्याआधीचं म्हणाल तर पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले होते आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, अशी घरात एक पुसट ऐकीव गोष्ट. त्यापलीकडे काही नाही.

पुढे १८५९ मध्ये त्यांनी स्वतःविषयी एक छोटं टिपण लिहिलं, त्यातही हीच अडचण आहे. न्यू इंग्लंडातल्या लिंकनांशी आपलं नातं लावायचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते एवढंच की दोन्हीकडे एनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं आहेत, असं ते लिहितात.

आज याच घराण्याच्या अमेरिकेतल्या सात पिढ्या सालवार सांगता येतात, आणि त्याच्याही मागे इंग्लंडातल्या दोन. खुद्द लिंकनांना जे सापडलं नाही ते नंतरच्या लोकांना सापडलं, ते बहुतेक जमिनीच्या कागदांत. सुरुवातीच्या वसाहतीतला शेतकरी डायरी लिहीत नव्हता, पुष्कळदा त्याला लिहिताच येत नव्हतं. पण जमीन घेताना, विकताना, वाटताना आणि तिच्यावरून भांडताना त्याला कचेरीची पायरी चढावीच लागे. त्यामुळे त्याचा माग कचेरीतच लागतो. आणि लिंकनांचे कागद ओळीने लावले की दिसतं ते असं: या घराण्याला दोनदा वारसाहक्काने दगा दिला आणि तिसऱ्यांदा मोजणीने. थॉमस लिंकन, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, आळशी आणि नाकर्ते होते असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. मला ते मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच.

सुरुवात इंग्लंडातल्या नॉर्फक परगण्यातून. तिथे रिचर्ड लिंकन नावाचा खाऊनपिऊन सुखी जमीनमालक होता. त्याची चार लग्नं झाली. थोरला मुलगा एडवर्ड, पण रिचर्डने मृत्युपत्रात जमिनीचा मोठा भाग चौथ्या बायकोच्या मुलांकडे वळवला आणि १६२० मध्ये तो वारला. एडवर्ड हिंगम गावात जेमतेम जमिनीवर राहिला. सावत्र घरातल्या वाटणीची ही कथा कोणत्याही गावात ऐकू येईल अशीच आहे, पण तिचा परिणाम समुद्रापलीकडे गेला. जमीनदाराचे नातू विणकराच्या हाताखाली काम शिकायला गेले.

त्यातला एक सॅम्युएल. १६३७ मध्ये यारमथ बंदरातून निघालेल्या ‘जॉन अँड डॉरोथी’ या जहाजाच्या नोंदीत तो सापडतो: नॉरिचच्या फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराच्या कुटुंबाबरोबर जाणारा नोकर, वय १८. गावच्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख २४ ऑगस्ट १६२२ आहे. म्हणजे जहाजात चढताना पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा. वय वाढवून सांगितलं असावं, असं अभ्यासक मानतात. जहाजाच्या यादीत त्याचं आडनावही लिंकन नाही, ‘लिंकॉर्न’ आहे. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. त्या काळातली वंशावळ शोधताना स्पेलिंगवर अडून बसलं की शोध तिथेच संपतो.

सॅम्युएल सेलम बंदरात उतरला आणि हिंगमला गेला. हे नवं हिंगम. नॉर्फकच्या हिंगममधल्या लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन वसवलेलं आणि जुन्याचंच नाव दिलेलं. त्याचे थोरले भाऊ थॉमस आणि डॅनिएल आधीच तिथे पोचले होते. पण त्या गावात थॉमस लिंकन एक नव्हता, चौघे होते. म्हणून गावच्या दप्तरात त्यांना धंद्यावरून ओळखतात: विणकर थॉमस, गिरणीवाला थॉमस, पिंपं बनवणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. हा भेद कुणी लिहून ठेवला नसता तर आज त्या चौघांची जमीन आणि मुलं एकमेकांत इतकी मिसळली असती की सोडवता सोडवता पुरेवाट झाली असती. सॅम्युएलचा सख्खा भाऊ तो विणकर थॉमस. तो निपुत्रिक वारला आणि त्याची मिळकत सॅम्युएलच्या घरात आली. सॅम्युएलला ११ मुलं झाली, १६९० मध्ये तो वारला. त्याच्या हयातीत, १६८१ मध्ये, गावाने बांधलेलं लाकडी प्रार्थनाघर अजून उभं आहे आणि वापरात आहे.

इथे तारखांची एक भानगड सांगून टाकतो, कारण जुनी कागदपत्रं वाचणारा पहिल्यांदा तिथेच ठेचकाळतो. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष कायद्याने २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १७२० च्या डिसेंबरनंतर येणारा फेब्रुवारी हा १७२० चाच फेब्रुवारी. आपल्या हिशेबाने तो १७२१. म्हणून जुन्या कागदांत ‘१७२०/२१’ असं जोडसाल दिसतं. हे माहीत नसलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं किंवा मेलेला माणूस सही करताना सापडतो.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार झाला, गिरण्या चालवू लागला, पैसा मिळवला. त्याचा मुलगाही मॉर्डेकाय. हा धाकटा मॉर्डेकाय भावाबरोबर न्यू जर्सीला गेला, तिथल्या रिचर्ड सॉल्टर या बड्या जमीनमालकाच्या घरात हॅना हिच्याशी त्याचं लग्न झालं, मग पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीत त्याने भागी घेतली आणि १७३३ मध्ये आजच्या बर्क्स काउंटीत दगडी घर बांधलं. तेही उभं आहे. शेजार कुणाचा, तर बून घराण्याचा. ज्या डॅनिएल बूनने पुढे १७७५ मध्ये केंटकीकडे जाणारी वाट पाडली, त्याच्या चुलत बहिणीचं लग्न या मॉर्डेकायच्या धाकट्या मुलाशी झालं.

लिंकन ज्या ठिकाणी अडकले होते ती जागा नेमकी ही. न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनिया यांच्यामधला दुवा पेनसिल्व्हेनियात होता, आणि त्या दुव्याचं नाव जॉन. व्हर्जिनियातल्या नातेवाइकांना जॉन माहीत होता: तो १७६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातून शेनँडोआ खोऱ्यातल्या लिनव्हिल क्रीकला आला. पेनसिल्व्हेनियातल्या कागदांत मॉर्डेकायचा मुलगा जॉन होता. पण जॉन हे नाव शंभरात वीस जणांचं. हा तोच कशावरून?

उत्तर मिळालं ते तिसऱ्याच ठिकाणी. मॉर्डेकाय १७३६ मध्ये वारला. त्याने पेनसिल्व्हेनियातली जमीन दुसऱ्या बायकोच्या मुलांना ठेवली आणि पहिल्या बायकोच्या जॉनला दिली न्यू जर्सीतली ३०० एकर. जॉन तिथे राहायला गेलाच नाही, त्याने ती विकून टाकली. त्या खरेदीखतात विकणारा जॉन पेनसिल्व्हेनियात कुठे राहतो ते आहे आणि ही जमीन मूळ मॉर्डेकायकडे कशी आली तेही आहे. खरेदीखत लिहिणाऱ्याला कुणाच्या वंशावळीशी देणंघेणं नव्हतं. विकणाऱ्याचा हक्क शाबीत करायचा तर मागची साखळी लिहावीच लागते, म्हणून त्याने लिहिली. १८८० च्या दशकात सॅम्युएल शॅकफर्ड या संशोधकाने असे कागद एकमेकांशेजारी ठेवले आणि हिंगमपासून इलिनॉयपर्यंतची साखळी जुळली. लिंकनांना जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती.

जॉनचा थोरला मुलगा अब्राहम हे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात स्थानिक फौजेत कॅप्टन होते, म्हणून गोंधळ टाळायला त्यांना कॅप्टन अब्राहम म्हणतात. व्हर्जिनियात त्यांची चांगली शेती होती. ती विकून ते केंटकीत गेले, कारण तिथे जमीन स्वस्त होती. किती स्वस्त आणि ती मिळायची कशी, हे जरा सावकाश पाहू. लिंकनांच्या पुढच्या तीस वर्षांच्या हालअपेष्टा या पद्धतीतून आल्या.

केंटकी तेव्हा वेगळं राज्य नव्हतं, व्हर्जिनियाचाच भाग होता. युद्धाच्या खर्चाने तिजोरी रिकामी झाली होती. १७७९ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला: सरकारी तिजोरीत १०० एकरांमागे ४० पौंड भरा आणि वॉरंट घ्या. पौंड कागदी, रोज घसरणारे, त्यामुळे व्यवहारात जमीन मातीमोल. मात्र हे वॉरंट म्हणजे जमीन नव्हे. तेवढी जमीन पसंत करायचा तो परवाना. तो घेऊन माणसाने जंगलात जायचं, मोकळी दिसणारी जागा निवडायची, काउंटीच्या दप्तरात तिची नोंद करायची, मोजणीदार नेऊन मोजून घ्यायची, आणि ते कागद वर पाठवले की शेवटी सरकारी सनद यायची. यात सरकारने आधी मुलूख मोजून त्याचे तुकडे पाडण्याची पायरीच नव्हती. ज्याने त्याने आपापला तुकडा आपणच कापायचा. मोकळी वाटलेली जागा दुसऱ्या कुणी आधीच नोंदलेली असे, त्याच्या हद्दी तिसऱ्याच्या अंगावर जात. कौलांसारखे दावे एकावर एक चढले. शिवाय केंटकी मुळात मोकळी नव्हतीच. शॉनी आणि चेरोकी लोकांची ती शिकारीची भूमी होती. त्यांच्या लेखी हे सगळे वॉरंटवाले घुसखोर.

कॅप्टन अब्राहमचं एक वॉरंट उपलब्ध आहे. ४ मार्च १७८०, ४०० एकर, १६० पौंड. ‘अब्राहम लिंकहॉर्न’ यांना. आडनावाची तीच गत! या वॉरंटावरची मोजणी झाली ७ मे १७८५ रोजी, जेफरसन काउंटीत लाँग रन ओढ्याच्या काठी. मोजणीचा कागद सांगतो: ओढ्याकाठच्या शुगर मेपलच्या झाडापासून सुरू करा, पूर्वेला ३०० पोल चालत पॉपलर आणि मेपलपर्यंत जा, तिथून उत्तरेला २१३ पूर्णांक एक तृतीयांश पोल, बीच आणि डॉगवूडपर्यंत, मग पश्चिमेला ३०० पोल, ओक आणि हिकरीपर्यंत, आणि तिथून दक्षिणेला परत पहिल्या झाडाशी.

पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे ३३ फूट, आणि ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. इंग्रजांची मोजणीची साखळी दोन्हीकडे पोचली, त्यामुळे मराठी वाचकाला हा हिशेब परका नाही. चार चौरस पोलांचा एक गुंठा, १६० चौरस पोलांचा एक एकर. आता ३०० ला २१३ पूर्णांक एक तृतीयांशाने गुणा: ६४,०००. त्याला १६० ने भागा: बरोबर ४००. कागदावर हिशेब चोख आहे. खोट आहे ती झाडांत. झाड पडतं, कुणी तोडतं, दोन ओक शेजारी असले तर खरा कुठला ते सांगायला मोजणीवेळचा माणूस जिवंत लागतो. साखळी ओढणारे म्हणून या कागदावर जोसायाह आणि अनानायाह लिंकन अशी घरचीच नावं आहेत. खुणा करणारा म्हणून स्वतः अब्राहमचं.

आणि इथेच घरातली आठवण चुकीची ठरते. लिंकनांनी १८४८ च्या पत्रात आजोबा १७८२ मध्ये आले आणि दोन वर्षांनी मारले गेले असं लिहिलं होतं, म्हणजे १७८४. पण १७८५ च्या मे महिन्यात आजोबा झाडांवर खुणा करत उभे आहेत! मृत्यू मे १७८६ मधला असं आता धरतात. त्या दिवशी ते तीन मुलांबरोबर शेतात होते. गोळी लागून ते पडले. थोरला मॉर्डेकाय घरात पळाला आणि बंदूक घेऊन आला, मधला जोसायाह मदत आणायला जवळच्या गढीकडे धावला, आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशी राहिला. एक इंडियन त्याच्याकडे येत असताना मॉर्डेकायने नेम धरून त्याला मारलं. थॉमस ही गोष्ट आयुष्यभर सांगत असत.

या घरात सांगितली जायची ती गोष्ट बंदुकीची. थॉमसच्या आयुष्यावर जास्त परिणाम केला तो कायद्याने. कॅप्टन अब्राहमने केंटकीत पाच हजार एकरांहून जास्त जमिनीवर हक्क जमवला होता. मृत्युपत्र नव्हतं. व्हर्जिनियात तेव्हा ज्येष्ठाधिकार चालत असे: मृत्युपत्र नसेल तर सगळी स्थावर मिळकत थोरल्या मुलाची. हा नियम मोडणारा कायदा १७८५ मध्ये मंजूर झालेला होता, पण तो अमलात यायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. बाप मेला त्याच्या साताठ महिने आधी. म्हणजे आणखी एक हिवाळा निघाला असता तर जमिनीचे वाटे झाले असते आणि थॉमसला हजारभर एकर मिळाली असती. ती सगळी मॉर्डेकायला गेली. तो पुढे केंटकीत मातब्बर झाला, त्याच्याकडे गुलामही होते. व्हर्जिनियात मागे राहिलेल्या चुलत्यांकडेही होते. धाकटा थॉमस मजुरी करत, मग सुतारकाम शिकत मोठा झाला. थॉमस लहानपणीच पोरका झाला म्हणून अडाणी राहिला, असं त्याच्या मुलाने लिहिलंय. हजार एकरांचा मालक पोरका झाला असता तर इतका अडाणी राहिला असता का, हा प्रश्न मला पडतोच.

तरी थॉमस खचला नाही. १८०३ मध्ये २५ व्या वर्षी त्याने हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. आळशी माणसाचं हे काम नव्हे. १८०६ मध्ये नॅन्सी हँक्सशी लग्न, १८०७ मध्ये मुलगी सारा. १८०८ च्या डिसेंबरात त्याने सिंकिंग स्प्रिंग इथली शेती २०० डॉलर रोख देऊन घेतली आणि १२ फेब्रुवारी १८०९ रोजी तिथे अब्राहमचा जन्म झाला. दोन वर्षांनी नॉब क्रीकला आणखी एक शेती.

तिन्ही जमिनी गेल्या. मिल क्रीकची १८१४ मध्ये विकायला काढली तेव्हा मोजणीच्या चुकीने २३८ ची २०० एकरच भरली आणि घेतल्या किमतीपेक्षा १८ पौंड कमी हातात पडले. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या मालकांची जुनी बाकी निघाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि रोख मोजलेले २०० डॉलर अडकले. नॉब क्रीकवर तर फिलाडेल्फियाच्या मिडलटन नावाच्या माणसाचे वारस उगवले. ही सगळी आमच्या बापाच्या जुन्या मोठ्या दाव्यातली जमीन आहे, निघा इथून, असं म्हणत त्यांनी १८१५ मध्ये खोऱ्यातल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. दहा कुटुंबांपैकी थॉमसचा खटला नमुन्यादाखल चालला, आणि १८१८ मध्ये तो जिंकला! पण तोवर तो केंटकीत नव्हताच. १८१६ च्या डिसेंबरात बिऱ्हाड उचलून ओहायो नदी ओलांडून तो इंडियानाला गेला होता. लिंकनांनी १८६० मध्ये याचं कारण लिहिलंय: थोडं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांच्या कटकटीमुळे.

आता तो आळशीपणाचा आरोप. विसाव्या शतकात हार्डिन काउंटीची करवसुलीची जुनी पुस्तकं तपासली गेली. १८१४ च्या यादीत मालमत्ताधारक ९८, आणि थॉमस लिंकन त्यांत पंधरावा. त्याच्या मागे ८३ जण. या माणसाला दरिद्री आणि ढिला ठरवण्याचा सोस लोकांना का होता तेही उघड आहे. बाप जितका खाली दाखवावा तितका मुलगा उंच दिसतो.

आईकडची बाजू अधिक अवघड, कारण बायकांच्या नावावर जमीन नसे आणि लग्नानंतर आडनाव बदले. थॉमस आणि नॅन्सीचं लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबुज विरोधकांनी पसरवली होती. हार्डिन काउंटीच्या कचेरीत नोंद सापडत नव्हती हे खरं. ती तिथे सापडणारच नव्हती. त्या काळी लग्नाआधी हमीपत्र लिहून द्यायचं असे आणि ते वधूच्या काउंटीत. नॅन्सी राहत होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. १८७० च्या दशकात ते तिथल्या दप्तरातून निघालं: १० जून १८०६, थॉमस लिंकन आणि जामीन रिचर्ड बेरी. दोन दिवसांनी जेसी हेड या धर्मोपदेशकाने लग्न लावलं, त्याच्या यादीतही नोंद आहे. लिंकन तेव्हा हयात नव्हते.

नॅन्सीच्या स्वतःच्या जन्माचा वाद आणखी शंभर वर्षं चालला. तिची आई लुसी, एवढ्यावर बहुतेकांचं एकमत होतं. पण लुसी मूळची कोण? काही म्हणत ती माहेरची शिप्ली, हँक्स घरात दिलेली आणि नंतर विधवा झालेली, म्हणजे नॅन्सीला बापाचं आडनाव मिळालं. काही म्हणत ती माहेरचीच हँक्स, म्हणजे नॅन्सीला आईचं आडनाव मिळालं आणि तिचा जन्म लग्नाबाहेरचा. कागद इथे हात टेकतात. २०१५ मध्ये हा प्रश्न मायटोकाँड्रियल डीएनएने सोडवला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो, आणि पुढे नेतात त्या फक्त मुली. नॅन्सीची मुलगी सारा बाळंतपणात गेली, त्यामुळे नॅन्सीची स्वतःची अशी साखळी तुटलेली होती. म्हणून लुसीच्या दुसऱ्या लेकींच्या लेकींची, त्यांच्या लेकींची, अशी आजपर्यंतची साखळी धरून तपासणी केली आणि हँक्स घरातल्या बहिणींच्या तशाच साखळ्यांशी ताडून पाहिली. डीएनएचा हा गट दुर्मीळ आणि तो जुळला. म्हणजे लुसी माहेरचीच हँक्स. नॅन्सीचा बाप कोण, हे या डीएनएतून कळत नाही, कारण तो बापाची खूण ठेवतच नाही.

इंडियानात थॉमसने काय मिळवलं, तर चौकोन. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडे वेगळी पद्धत आणली होती. आधी सरकार मोजणार, सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी टाउनशिप आखणार, तिचे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भाग करणार, सोळावा भाग शाळेसाठी राखणार, आणि मगच विक्री. झाड नाही, ओढा नाही, शेजाऱ्याची साक्ष नाही. जमिनीला अनुक्रमांक. विकणारा एकच, सरकार. हे सरकार जमिनीचं मालक झालं होतं ते १८०४ च्या तहांनी डेलावेअर आणि पियांकशॉ लोकांकडून हा दक्षिणेचा पट्टा घेऊन. आजोबांना मारणाऱ्यांची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

ऑक्टोबर १८१७ मध्ये थॉमसने व्हिन्सेन्सच्या भूमी कार्यालयात १६० एकरांची नोंद केली, एकराला दोन डॉलर, हप्त्याने. पुढल्या वर्षी ५ ऑक्टोबरला नॅन्सी दुधाच्या विषबाधेने गेली. गाईंनी रानात व्हाइट स्नेकरूट ही वनस्पती खाल्ली की तिचं विष दुधात उतरतं. त्या काळी कारण कुणाला नीट माहीत नव्हतं. तिला सांभाळलेले मावशी-काका त्याच साथीत गेले. १८१९ च्या डिसेंबरात थॉमस केंटकीत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेला लग्न करून घेऊन आला. हप्ते काही झेपेनात. शेवटी त्याने निम्मी जमीन सरकारला परत केली आणि भरलेले पैसे उरलेल्या ८० एकरांत वळते करून १८२७ मध्ये ती निर्वेध आपली केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ अशी जमीन होती जिच्यावर दुसरा कुणी दावा सांगू शकत नव्हता. १८३० मध्ये तीही विकून तो इलिनॉयला गेला, कारण दुधाच्या आजाराची पुन्हा आवई उठली होती.

बापलेकांचं फारसं जमलं नाही. १८५१ च्या जानेवारीत थॉमस मरणपंथाला लागला तेव्हा अब्राहम गेले नाहीत, अंत्यविधीलाही नाहीत. या गोष्टीवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. जमिनीचे कागद मात्र थोडं वेगळं बोलतात. १८४१ मध्ये अब्राहमनी कोल्स काउंटीतली वडिलांची ४० एकर २०० डॉलरला विकत घेतली होती आणि खतातच अट घातली होती की आईवडील जिवंत असेपर्यंत वहिवाट त्यांचीच राहील. थॉमस गेल्यावर उरलेली ८० एकर अब्राहमनी सावत्र भावाच्या नावे करून दिली, आईचा हयातीतला हक्क राखून. मग तो सावत्र भाऊ जमीन फुंकून मिसूरीला जायच्या गोष्टी करू लागला. १८५१ च्या नोव्हेंबरात अब्राहमनी त्याला खरमरीत पत्रं लिहिली: पूर्वेकडची ४० एकर मी आईसाठी राखून ठेवली आहे, तू कसणार नसलास तर तिच्या खंडावर ती निदान जगू शकेल, त्याला हात लावायचा नाही. सारा बुश लिंकन त्याच घरात १८६९ पर्यंत राहिली.